फुलाने उलटी वाचलेली चित्रकथा

मी एक जुनी जपानी चित्रकथा आहे. माझ्या देशात मला मांगा म्हणतात. ओसाकाच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. खरखरीत कागद आणि भरपूर काळी शाई, एवढेच माझे भांडवल. माझ्यात परी नाही, राजपुत्र नाही. नदीकाठी मैत्रिणीचा हात सोडणारी एक मुलगी आहे. मैत्रीण बुडते. मग त्या मुलीची सावलीच तिला टोचून बोलू लागते आणि ती मुलगी कपाटात दडून बसते. मुलांच्या हाती हे देऊ नये, असे माझ्याबद्दल पुष्कळजण म्हणाले.

१९८१ साली एक प्रवासी मला पिशवीत घालून नाशिकची पांडवलेणी पाहायला आला. पायऱ्या चढताना त्याला उन्हाने भोवळ आली. पायथ्याशी राहणाऱ्या धोंडीरामने त्याला सावलीत बसवले, पाणी पाजले. निघताना देण्यासारखी त्याच्याजवळ मीच होते.

"फुला, चित्रं बघ गं," धोंडीराम घरी येऊन लेकीला म्हणाला.

बारा वर्षांच्या फुलाने मला घेतले, पण ती बोलली नाही. सात महिने ती कुणाशीच बोलत नव्हती. तिचा पाच वर्षांचा भाऊ सोमा पाटाच्या पाण्यात बुडाला होता. "जवळच खेळत होता, कधी गेला कळलंच नाही," एवढे तिने त्या दिवशी सांगितले. नंतर तोंड मिटले ते मिटलेच.

मित्रांनो, माझी भाषा तिला येत नव्हती. शिवाय आम्ही जपानी पुस्तके उजवीकडून उघडतो. फुलाने मला मराठी पुस्तकासारखे उघडले. माझा शेवट ही तिची सुरुवात झाली. तसे पाहिले की सावली हळूहळू गप्प होई आणि अखेरीस बुडालेली मैत्रीण पाण्यातून वर येऊन हसे. तीच पाने फुला पुन्हा पुन्हा पाही. माझ्या कडा तिच्या बोटांनी मऊ पडल्या. मी तिला खोटे सांगत होते आणि मला ते थांबवता येत नव्हते.

ती मला शाळेतही नेऊ लागली. वर्गशिक्षिका मंगलाबाईंनी मला हिसकावले नाही. एकदा मधल्या सुट्टीत त्या तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"फुला, हे तू शेवटाकडून वाचतेस. पानांवरचे आकडे बघ."

फुलाने आकडे पाहिले. एकेक पान ती नव्या क्रमाने पाहत गेली. मग बसलेल्या आवाजात तिने विचारले, "म्हणजे ती परत येत नाही, बाई?"

"नाही येत." बाईंनी माझे खरे शेवटचे पान काढले. तिथे ती मुलगी मैत्रिणीच्या घराच्या दारात उभी राहून तिच्या आईला हात सोडल्याचे सांगते आहे. "पण ही बोलते, बघ."

त्या संध्याकाळी तिची आई सुलाबाई भाकरी थापत होती. मला छातीशी धरून फुला तिच्यासमोर बसली.

"आई, सोमा माझ्या मागं मागं करत होता. मीच त्याला म्हणाले, जा इथून. म्हणून तो पाटाकडं गेला."

सुलाबाईचे हात थांबले. तिने परात बाजूला सारली.

"मला बी लय सतावत व्हता त्या दिशी," ती म्हणाली. "मीच त्याला हाकललं, जा फुलाकडं म्हनून. हे तुझ्या बापाला बी सांगितलं नाय मी."

दोघी तिथेच एकमेकींना धरून रडल्या. तव्यावरची भाकरी जळाली, कुणी उठले नाही.

माझ्यातल्या मुलीला चित्रकाराने दोनशे पानांत त्या दारापर्यंत आणले. फुला एका दिवसात, आपल्या पायांनी गेली. तिच्यापेक्षा धीट वाचक मला भेटला नाही.

पुढे माझी गरज संपली. कित्येक वर्षे मी पत्र्याच्या पेटीत पडून होते. कसरीने माझे कोपरे खाल्ले. ब्याण्णव साली मास्तरीण झालेल्या फुलाने मला बाहेर काढले, दाभणाने शिवले आणि आपल्या वर्गाच्या कपाटात ठेवले.

मित्रांनो, पुस्तके जपा, काळ्या शाईचीही. आणि कुणी तेच पान पुन्हा पुन्हा बघताना दिसले, तर पुस्तक ओढून घेऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.