अकरा गुणांनी हरणार

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या न्यू हार्लिंगेन गावात कुणी काही देऊ केलं, तर पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की 'बरं, तुम्ही म्हणताच आहात तर' असं पुटपुटून दोन तुकडे उचलायचे. हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण ज्या लिहिलेल्या आहेत, त्या बायबलातल्या दहा आज्ञांपैकी चार-पाच तरी याच्यापेक्षा सैल पाळल्या जातात, असं जाणकार सांगतात.

अल्बर्टा कूइमाला हा नियम आईच्या दुधातूनच मिळाला होता, आणि म्हातारपणी तोच तिच्या मुळावर आला. गेल्या मार्चात तिचा नवरा डेल्बर्ट वारला. दफन आटोपून सगळे चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खात बसले होते, तेव्हा निम्मं गाव तिला म्हणालं, "अल्बर्टा, रविवारी आमच्याकडे जेवायला ये."

"छे, तुम्हाला कशाला त्रास."

"अगं, त्यात त्रास कसला?"

"नको खरंच. मी आहे बरी."

एवढं बोलून ती तिसऱ्या आग्रहाची वाट बघत उभी राहिली. पण विधवेला फार आग्रह करू नये, असाही एक नियम गावात होता. दोन नियमांची टक्कर झाली आणि दोघांनाही खरचटलं नाही. अल्बर्टा मात्र तेव्हापासून रविवारी एकटीच जेवते.

डेल्बर्टचा धंदा मक्याच्या बियाण्याचा होता, पण गाव त्याला ओळखत असे ते साप्ताहिकातल्या 'शनिवारचा सामना' या सदरामुळे. वेस्टरकर्क कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉलचा सामना कसा रंगेल, कोण कुणाला भारी पडेल, किती गुणांचा फरक राहील, हे तो सामन्याआधीच सांगून टाकी. त्याच्या सदरात वेस्टरकर्क एकदाही हरलं नाही. कोर्टवर हरत असे अधूनमधून. पेपर बुधवारी निघे, आणि गुरुवारी सकाळी बेकरीतल्या लांब टेबलावर बाकीचे म्हातारे डेल्बर्टची सालटी काढत. मार्विन ते स्ला नावाचा डुकरं पाळणारा गृहस्थ त्यांच्यात सर्वांत मोठ्या आवाजाचा. "गाढवा, तुला बास्केटबॉल आणि भोपळा यातला फरक तरी कळतो का?" अशी त्याची प्रस्तावना असे. डेल्बर्ट खुशीत येऊन टेबलावर मुठी आपटी. अल्बर्टा शेजारी बसून कॉफी ढवळत राही. सदरातली निम्मी अक्कल तिची असायची, त्यामुळे निम्म्या शिव्या आपल्याच, असं समजून ती मनातल्या मनात वाटणी करून घेई.

डेल्बर्ट गेल्यावर संपादक लॉइड डे व्रीस तिच्याकडे आला. "सदर तूच लिही," तो म्हणाला. तिने दोनदा नाही म्हटलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, कारण त्याच्याकडे दुसरं कुणीच नव्हतं.

म्हणून या मोसमात अल्बर्टा लिहीत होती, आणि दर गुरुवारी बेकरीत जाऊन डेल्बर्टच्या खुर्चीशेजारी, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसत होती. म्हातारे टोप्या काढत. "छान लिहिलंस, अल्बर्टा," एक म्हणे. "फार छान," दुसरा म्हणे. मार्विनही म्हणे, "छान." मग सगळे खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत. तिने एकदा मुद्दाम एका खेळाडूची उंची अर्ध्या फुटाने वाढवून छापली. तरी छानच. घरी परतताना तिला वाटे, माणूस मेला की त्याच्याबरोबर भांडणंही पुरतात, आणि मागे राहणाऱ्याच्या वाटणीला येतो तो निव्वळ चांगुलपणा. तो खाऊन पोट भरत नाही.

फेब्रुवारीत ग्रेस प्रेअरी कॉलेजशी सामना आला. जो जिंकेल तो कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटात, पहिला, आणि पुढची सगळी स्पर्धा त्याच्या घरच्या कोर्टवर. अल्बर्टाने नेहमीसारखं बसून लिहायला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच जे दिसत होतं ते लिहून टाकलं: वेस्टरकर्क अकरा गुणांनी हरणार.

कारणही दिलं. मारिसेला ओचोआ ही टेक्सासहून आलेली आपल्या टीममधली मुलगी गुणांचा पाऊस पाडते, पण चेंडू समोरच्यांच्या हातात गेला की 'बस स्टॉपवर उभी राहिल्यासारखी' उभी राहते. ग्रेस प्रेअरीची डावखुरी मुलगी त्या बस स्टॉपला वळसा घालून दिवसभर येजा करील.

अडवणं म्हणजे काय, हे अल्बर्टाला कळत होतं. तिच्या शाळेच्या दिवसांत आयोवात मुली सहा-सहा जणींनी खेळत. कोर्टच्या मधोमध रेघ. तिघी रेघेच्या त्या बाजूला, बास्केट टाकणाऱ्या. तिघी या बाजूला, अडवणाऱ्या. रेघ कुणीही ओलांडायची नाही. अल्बर्टा चार वर्षं अडवणारी होती. आपल्या मुली तिकडे दूरवर बास्केट टाकत, लोक नाचत, आणि ती रेघेवर हात गुडघ्यांवर टेकून दुसऱ्यांची मजा बघत उभी राही. पुढेही फारसं काही बदललं नाही.

बुधवारी पेपर आला. अल्बर्टाने फोन स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि त्याच्यासमोर बसली. कुणीतरी ओरडेल. निदान मार्विन तरी. गावच्या पेपरात गावाचा पराभव कधी छापून आला नव्हता. दगड जरी पडला असता काचेवर, तरी तिने तो पुसून कपाटात ठेवला असता.

फोन वाजला नाही. दुपारी दाराची घंटा वाजली. शेजारची लोइस उभी होती, हातात काचेचं भांडं, भांड्यात हॉटडिश: नूडल्स, खिमा, डब्यातलं मश्रूम सूप, वर चीज. गावात कुणी आजारी पडलं, बाळंत झालं किंवा मेलं की हाच पदार्थ येतो. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव असतं, म्हणजे परत करताना घोळ नको.

"वाचलं गं मी," लोइस म्हणाली. "कळतं आम्हाला."

"काय कळतं?"

"पहिलं वर्ष फार जड जातं."

"लोइस, मी बचावाबद्दल लिहिलंय."

"हो ना," लोइसने तिचा दंड थोपटला. "ओव्हनमध्ये साडेतीनशेवर अर्धा तास गरम कर."

संध्याकाळपर्यंत आणखी तीन भांडी आली. मग पास्टर ब्राउवर आले. त्यांनी कोट काढला नाही, त्यावरून भेट मनापासूनची पण थोडक्यात आहे हे कळलं.

"अल्बर्टा, दुःखाच्या अंधारात माणसाला कधी कधी सगळं हरल्यासारखंच दिसतं."

"पास्टर, त्यांची डावखुरी मुलगी उजवीकडून जातच नाही. आपली ओचोआ तिला डावीकडे आयती वाट करून देते. यात अंधार कुठे आला?"

"खरं आहे," पास्टर हळुवारपणे म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेत त्यांनी अल्बर्टासाठी शांती मागितली. बचावासाठी काही मागितलं नाही.

गुरुवारी बेकरीत ती आत शिरताच म्हातारे चक्क उठून उभे राहिले. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची ओढली. मार्विनचा चेहरा बीटासारखा झाला होता. त्याने तोंड उघडलं. शेजाऱ्याचं कोपर त्याच्या बरगडीत गेलं. मार्विनने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, आणि म्हणाला, "छान लिहिलंस."

अल्बर्टा कॉफी अर्धी ठेवून उठली. घरी फ्रिजमध्ये दुधाला जागा उरली नव्हती.

शुक्रवारी दुपारी पुन्हा घंटा वाजली. अल्बर्टाने टेबलावर भांड्यासाठी जागा करून मग दार उघडलं. दारात उंच मुलगी उभी होती, हात रिकामे.

"तुम्हीच अल्बर्टा कूइमा?"

"हो."

"मी मारिसेला ओचोआ. बस स्टॉपवरची."

अल्बर्टा बाजूला झाली. "आत ये. कॉफी घेशील?"

"हो."

अल्बर्टाने 'अगं घे गं' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारं माणूस तिच्या स्वयंपाकघरात यापूर्वी आलं नव्हतं. प्रयोग म्हणून तिने विचारलं, "खाणार काही?"

"हो. भूक लागलीय." मारिसेलाने लोइसचं भांडं जवळ ओढलं आणि खाता खाता सुरू केलं. "मॅडम, मागच्या सामन्यात मी सत्तावीस गुण काढले. ते नाही दिसले तुम्हाला?"

"दिसले. तू जिला अडवत होतीस, तिचेही दिसले."

"तुम्ही स्वतः किती काढायच्या?"

"एकही नाही."

"एका सामन्यात?"

"चार वर्षांत." मग अल्बर्टाने तिला ती रेघ समजावून सांगितली.

मारिसेलाने चमचा खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही कधी बास्केट टाकलीच नाही? मग तुम्हाला खेळातलं काय कळणार?"

 वर्ष होत आलं होतं, असा प्रश्न अल्बर्टाच्या कानावर आला नव्हता.

"ऊठ," ती म्हणाली. टोपलीतला कोबी तिने मारिसेलाकडे टाकला, गुडघे वाकवले, हात पसरले आणि टेबल आणि फ्रिज यांच्या मधे उभी राहिली. "मला ओलांडून फ्रिजपर्यंत जा."

मारिसेला हसली आणि डावीकडे गेली. तिथे अल्बर्टा होती. उजवीकडे गेली. तिथेही अल्बर्टाच, धापा टाकत, पण होती. चौथ्या खेपेला कोबीची दोन पानं गळाली.

"स्वयंपाकघर अरुंद आहे म्हणून," मारिसेला म्हणाली.

"पाय नीट ठेवले तर कोर्टही अरुंदच असतं. हात काय बघतेस तिचे? पोट बघ. हात खोटं बोलतात, पोट बोलत नाही."

"अकरा गुण जास्त होतात, मॅडम."

"मी तर विचारपूर्वक कमी केलेत."

त्यावरून आणखी थोडं भांडण झालं आणि आणखी एक भांडं संपलं. मग मारिसेलाने टोपी घातली. दारात वळून म्हणाली, "उद्या सामन्यानंतर आम्ही सगळ्या पिझ्झा खायला जाणार आहोत. याल तुम्ही?"

"छे छे, तुम्हा पोरींत मी कुठे."

"ओके, मॅडम," मारिसेला म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

अल्बर्टा दार उघडं धरून उभी राहिली. गाडी सुरू झाली, वळली, चर्चच्या कोपऱ्यावर दिसेनाशी झाली. घरातली सगळी ऊब अंगणात गेली, तेव्हा कुठे तिने दार लावलं. पोरीला काय दोष द्यायचा? तिच्या गावी नाही म्हणजे नाहीच असणार. संध्याकाळी तिने तिसरं भांडं गरम केलं आणि जेवताना समोरच्या कोबीला एकदोन गोष्टी सांगितल्या.

शनिवारी जिम खच्चून भरलं. तिथे जागा धरायची पद्धत अशी, की सकाळी येऊन बाकावर घोंगडी टाकून जायचं. मग संध्याकाळपर्यंत देवदूत जरी आला तरी तो त्या घोंगडीला हात लावणार नाही. अल्बर्टाने सवयीने दोन घोंगड्या टाकल्या होत्या. एकीवर ती बसली. दुसरी, डेल्बर्टची चौकड्यांची, शेजारी घडी घालून ठेवलेली. भिंतीला लागून लोक उभे होते, पायऱ्यांवर उभे होते, दोघंतिघं पॉपकॉर्नच्या यंत्रामागून माना उंचावत होते. आणि भरलेल्या त्या जिममध्ये एक जागा रिकामी होती. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं, इतके सगळे सभ्य होते.

मार्विन उशिरा आला. त्याची डुकरीण व्याली होती. दुखरा गुडघा सांभाळत तो अल्बर्टाशेजारच्या पायरीवर उभा राहिला. पंचाने चेंडू उडवला, सामना सुरू झाला. डावखुरी मुलगी चेंडू घेऊन आली, आणि तिच्यासमोर मारिसेला ओचोआ गुडघे वाकवून, तिच्या पोटाकडे डोळे लावून उभी होती. डावी वाट बंद. मुलगी नाइलाजाने उजवीकडे गेली, अडखळली, चेंडू बाहेर.

"अल्बर्टा..." मार्विनच्या तोंडून निघालं आणि तो थांबला.

"काय?"

"काही नाही. छान लिहिलं होतंस."

अल्बर्टाने डेल्बर्टची घोंगडी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली. "बस इथे."

"छे. ती डेल्बर्टची जागा."

"तो येणार नाहीये. बस."

"नको, मी उभाच बरा."

तेवढ्यात मारिसेलाने बास्केट टाकली. सगळं जिम उठून उभं राहिलं आणि पुन्हा खाली बसलं. मार्विन तसाच उभा होता. तो खेळ बघत नव्हता. तो अल्बर्टाकडे बघत होता, ओठ किंचित उघडे ठेवून. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. वर्षभर तिने तो आपल्याच दाराच्या काचेत पाहिला होता.

"मार्विन," ती म्हणाली, "तिसऱ्यांदा सांगतेय."

"बरं, तू म्हणतेच आहेस तर." तो बसला. गुडघा वाजला. 

"बोल आता," अल्बर्टा म्हणाली.

"काय बोलू?"

"गुरुवारी बरगडीत कोपर बसल्यावर जे गिळलंस, ते."

मार्विनने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बीटाच्या रंगाला आला. "अकरा? अल्बर्टा, अकरा? डेल्बर्ट गाढव होता, पण आपली टीम कुठली एवढं तरी त्याला ठाऊक होतं. तुला बास्केटबॉल आणि भोपळा..."

पुढच्या रांगेतली लोइस हादरून मागे वळली. अल्बर्टाने तिला हातानेच समोर बघायला सांगितलं.

"पुढे बोल, मार्विन. अजून अख्खा सामना पडलाय. अकराचे बारा होतील."

मार्विन बोलला. बुधवारपासूनचं सगळं साठलेलं होतं. मधे दम घ्यायला थांबला, तेव्हा सवयीने त्याने कोटाच्या खिशात हात घातला.

"पेपरमिंटची गोळी?"

"दे," अल्बर्टा म्हणाली.

मार्विनचा हात खिशातच थांबला. त्याच्याकडे एकच होती.