एका फाईलमध्ये एकच दुःख

"कुत्रा चावला ती तारीख आधी सांगा. बाकीचं मग बघू," वकिलांच्या ऑफिसातले कारकून म्हणाले.

समोरच्या म्हाताऱ्यानं तारीख सांगितली, पोटरीवरची पट्टी दाखवली आणि वर म्हणाला, "चावल्यावर मालक हसला हो! चक्क दात काढून हसला."

"कुत्रा मोकळा सोडला, तो निष्काळजीपणा. हसण्याला आपल्याकडे कप्पा नाही."

कारकुनांच्या पाठीशी लोखंडी कपाट होतं आणि त्याला चार कप्पे होते. हयगयीनं कोणाला इजा केली, की पहिला. शेजाऱ्यानं धुरानं, वासानं, आवाजानं जगणं नकोसं केलं, की दुसरा, उपद्रवाचा. न विचारता कोणाच्या जागेत घुसलं की तिसरा, अतिक्रमणाचा. खोटंनाटं पसरवून नाव घालवलं की चौथा, अब्रुनुकसानीचा. इथं कोणी तुरुंगात जात नसे. ज्यानं नुकसान केलं त्यानं भरून द्यायचं, एवढाच दिवाणी मामला. एकतीस वर्षं कारकून लोकांची रडगाणी या कपाटात लावत आले होते. ऑफिसातले नवे वकील पाठीमागे त्यांना कप्पेसाहेब म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एका फाईलमध्ये एकच दुःख, हा त्यांचा नियम. दोन घातली की न्यायाधीश गोंधळतो, असं ते सगळ्यांना ऐकवत.

तेवढ्यात वकीलबाईंनी आत बोलावलं. बाई त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण कधी आवाज चढवत नसत. आजही चढवला नाही.

"तुमच्या ताईंचा कानाचा दावा फेटाळलाय. सुनावणीसुद्धा होणार नाही."

ताई म्हणजे कारकुनांची थोरली बहीण. तिच्या भिंतीला लागून पत्रे ठोकायचा कारखाना होता. चार वर्षं यंत्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत दणके घालत होतं. ती दवाखान्यात टेलिफोनवर बसायची. एके दिवशी समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं, आणि तिला चादरींच्या घड्या घालायला कोठीत पाठवलं. ती भावाकडे आली तेव्हा दोन्ही सांगत आली होती, आवाज आणि कान. भावानं नियमाप्रमाणे एकच घेतलं. आधी आवाज बंद करू, कानाचं मागाहून बघू. उपद्रवाचा दावा सुरेख लिहिला, एका पानात बसवला. मनाईहुकूम मिळाला, यंत्र थांबलं, त्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटल्यासारखा चेहरा करून सगळ्यांना चहा पाजला. मग कानाच्या भरपाईचा दुसरा, वेगळा दावा लावला.

"दोन्ही नुकसानं एकाच कारणाची. एकाच दाव्यात मागायला हवी होती," बाई म्हणाल्या. "निदान मागाहून मागू, अशी परवानगीची ओळ तरी हवी होती. ती ओळ तुम्ही प्रत्येकाच्या दाव्यात घालता. इथंच कशी राहिली?"

कारकुनांना कारण ठाऊक होतं. ती ओळ घातली असती तर अर्ज दुसऱ्या पानावर गेला असता. बहिणीचा अर्ज नीटनेटका, एका पानाचा व्हावा, एवढीच हौस होती. ते सोडून त्यांनी एवढंच विचारलं.

"अपील?"

"अपिलात काय सांगू? सही माझी आहे, मी वाचून केली आहे. चूक दोघांची." बाईंनी निकालाचा कागद घडी करून ठेवला. "ताई आपल्यावर दावा लावू शकतात. तुम्ही त्यांना तसं सांगितलं पाहिजे. मी येऊ का बरोबर?"

"नको. मीच सांगतो."

बाहेर येऊन त्यांनी सवयीनं ताईची फाईल उचलली आणि कपाटासमोर उभे राहिले. हयगयीनं दुसऱ्याचं नुकसान. पहिला कप्पा. आयुष्यभर इतरांची नावं घातली तिथं आता आपलं नाव. फाईल तशीच काखेत मारून ते निघाले.

ताई दुपारच्या उन्हात दाराशी बसून धुतलेले कपडे घडी करत होती. भावाला बघून उठली, पाणी दिलं. तिनं कानात यंत्र घातलं होतं, पण त्याचा उपयोग बेताचाच.

"झालं का रे काम? कधी उभं राहायचंय मला? मी काय काय सांगायचं ते लिहून ठेवलंय."

"ताई, दावा गेला. माझ्यामुळं गेला."

"बरं बरं," ताई हसून म्हणाली.

हल्ली ऐकू आलं नाही की ती अशीच हसायची, हे कारकुनांना माहीत होतं. म्हणजे पुन्हा सांगणं आलं. लिहून द्यावं म्हणून त्यांनी पेन काढलं. "सदर प्रकरणी" एवढं लिहिलं आणि स्वतःचीच शरम वाटून कागद चुरगळला. ते जरा मोठ्यानं बोलले. ताईनं डोकं कलतं केलं. "काय म्हणतोस?"

मग मात्र त्यांच्या सगळ्या आयुष्याचा हळू, अदबीचा आवाज फाटला. "दावा बुडाला! आता तुझ्या कानाचं कोणी ऐकणार नाही! मी एक ओळ लिहिली नाही, ताई! चूक माझी आहे! माझ्यावर दावा लाव!"

गल्लीभर ऐकू गेलं. ताईच्या हातातला कपडा अर्धवट घडीत राहिला. तिला सगळं कळलं होतं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तो बघण्याखेरीज कारकुनांच्या हातात काही उरलं नव्हतं.

शेजारच्या कारखान्यातला कामगार धावत आला. हल्ली तिथं हातानं किरकोळ कामं चालत. "काय झालं, मावशी? हा माणूस ओरडतोय कशाला तुमच्यावर?"

ताईनं त्याच्या ओठांकडे बघून प्रश्न ओळखला. कपड्याची घडी पुरी केली, मांडीवर ठेवली, वरून हात फिरवला.

"ओरडत नाहीये," ती म्हणाली. "भाऊ आहे माझा. माझ्याशी बोलतोय."