उजवीकडून उघडलेली कादंबरी

मी एक कादंबरी बोलतेय. आधीच बजावते, माझी कुणाकडे शिफारस करू नका. "फार छान आहे हो, वाचाच," म्हणणाऱ्यांनी माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं वाळवीनंही केलं नाही. छान म्हणजे काय, ते कुणी विचारत नाही आणि ते कुणी सांगतही नाही.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यातला. कागद पिवळट, पण शिवण घट्ट. नगरच्या एका शिक्षिकेनं मला विकत घेतलं आणि भाचीच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. मांडवात लोक हसले. आहेरात पुस्तक! नवरी, द्वारका, हसली नाही. तिनं मला ट्रंकेत शालूखाली सरकवलं आणि मी औरंगाबादला तिच्या सासरी आले.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला बरीच वर्षं लोटली होती. कचेऱ्यांतून उर्दू जाऊन मराठी आली होती, आणि द्वारकेचे सासरे, आप्पासाहेब, त्याच रागानं मुदतीआधी पेन्शन घेऊन घरी बसले होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतलं. शायरीचा एक दिवाण, म्हणजे गझलांचा संग्रह, मांडीवर घेऊन ते ओसरीवर बसत आणि येईल त्याला सांगत, "हे वाचा, माणसात याल." वाचणार कोण? त्यांचा स्वतःचा मुलगाही ती लिपी विसरला होता.

द्वारका कमी बोलायची. दुपारी भांडी आवरली की मला घेऊन माजघरात बसायची. दिवसातला तेवढाच वेळ तिचा होता. सासूबाई आतून म्हणायच्या, "डोळे जातील." द्वारका पान उलटायची.

एका दुपारी ती मला ओसरीवर विसरली आणि आप्पासाहेबांनी मला उचललं. शेजारी त्यांचे कचेरीतले जुने सोबती गयासभाई पान लावत बसले होते. आप्पासाहेबांनी जन्माच्या सवयीनं, उर्दू पुस्तक धरावं तशी, माझी शिवण उजव्या हाताला धरली, अंगठा थुंकीनं ओला केला (हा अंगठा मी कधी विसरणार नाही) आणि मला उघडलं. हाताखाली आलं ते माझं शेवटचं पान. त्यावर माझी नायिका चुलीवरचं दूध उतरवते, चपला घालते आणि सासर सोडून निघून जाते.

अक्षराखाली बोट ठेवत, जोडाक्षरापाशी अडखळत त्यांनी ते वाचलं. त्यांचे कान लाल झाले. वाचलं त्यानं, की अडखळले त्यानं, मला सांगता येणार नाही.

"सूनबाई! हे धडे गिरवतीस व्हय दुपारचं? घर सोडून पळायचे? घाला हे बंबात. आजपासून या घरात कादंबरी नाय."

द्वारका दारात येऊन उभी राहिली. "मामंजी, तुम्ही उलटीकडून उघडलंत. तो शेवट आहे."

गयासभाईंना हसू आवरेना. "अरे आप्पा, मरेठी किताब है वो! उर्दू समझके खोल्या तू, सीधा आखिर में जाके गिऱ्या!"

आप्पासाहेबांना माझ्यापेक्षा ते हसणं जास्त झोंबलं.

"बरं. मग तूच सांग, काय ठेवलंय एवढं ह्यात? सांगता नाय आलं तर बंब पेटलेलाच आहे. आमचा शायर दोन ओळींत मारतो माणसाला. हिला एवढी पानं कशाला लागली?"

"हिला मरायचं नव्हतं, मामंजी. म्हणून लागली."

"वाह!" गयासभाई म्हणाले.

मला वाटलं, आता ही म्हणणार, छान आहे. ती म्हणाली, "तुमच्या शेरातली बाई बांबूच्या चिकाच्या पडद्याआड असते. तिला भूक लागत नाही. ही सगळ्यांची जेवणं झाल्यावर तव्यावरची शेवटची भाकरी बघते, आणि कुणी अजून मागेल का म्हणून तशीच थांबते. ते अख्खं पान ती नुसती थांबते. वाचताना मलाच भूक लागते. आणि निघताना आधी दूध उतरवते. एवढ्या रागात असून उतू जाऊ देत नाही. लिहिणाऱ्याला बाई माहीत होती."

आतला पाटावरवंटा थांबला होता. लग्न होऊन आल्यापासून द्वारका एवढं बोलली नव्हती.

"नाय पटलं," आप्पासाहेब म्हणाले. मग त्यांनी माझं शेवटचं पान शिवणीपासून फाडलं, सरळ, स्टँपपेपर फाडावा तसं. "आता खुशाल वाच. बाई घरातच राहील." पान बंबात गेलं. मी वाचले. द्वारकेची दुपारही वाचली. पण मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, आणि करायचीही नाही.

गयासभाईंची सून आबेदा मराठी शाळेत शिकलेली. सासऱ्याकडून हा तमाशा ऐकून ती मला मागायला आली. द्वारकेनं मला देताना एवढंच सांगितलं, "भाकरीपाशी घाई करू नको." मला शिफारस म्हणून हे एकच वाक्य आवडलं.

आबेदा परत आली ती भांडायलाच. "क्या भाभी, ऐसी किताब देते क्या? दूध उबलरा, बाई खडी है, और किताब खतम!"

द्वारकेनं ओसरीकडे पाहिलं. आप्पासाहेबांच्या मांडीवर दिवाण उघडा होता, पण पान उलटत नव्हतं. ती आवाज न चोरता म्हणाली, "दूध उतरवलं तिनं. चपला घातल्या. गेली."

मग शेजारच्या सारजाबाईंनी मला नेलं. त्यांनी विचारलं, "गेली, पण कुठं गं?" द्वारकेनं गोष्टीतल्या बाईला टेशनापर्यंत पोचवलं. त्यांच्यामागून चतुराबाईंनी मला नेलं, तेव्हा तिचं तिकीट काढलं. पुढं कुणी विचारलं तेव्हा द्वारका म्हणाली, "रातच्या गाडीनं मनमाडला गेली. तिथं गाडी बदलली."

ओसरीवरून आवाज आला, "रातच्या गाडीला मनमाडात पुढची गाडी मिळत नाय. बाईमाणूस फलाटावर बसवतीस का? दुपारच्या गाडीनं धाड तिला."

यालाही मी माफी समजत नाही.

आता माझी शिवण उसवलीये, कोपरे हळदीनं माखलेत. एकच मागणं आहे. नवी प्रत कुठं मिळाली, तर तिचं शेवटचं पान आणून मला चिकटवू नका. छापलेली बाई उंबऱ्यापाशी संपते. द्वारकेची अजून गाडीत आहे.