मागे काय काय चालू आहे

सत्तेचं खरं केंद्र नेहमी पडद्यामागे असतं, असं थोर विचारवंत सांगून गेले आहेत. पाणीपुरवठा कार्यालयात ते पडद्यावरच होतं, टास्क मॅनेजर नावाच्या एका चौकटीत, आणि शुक्रवारी दुपारी पावणेदोन वाजता, डबा अर्धा टाकून, जावकबाईंनी ती चौकट उघडली.

जावकबाई म्हणजे जावक टेबलाच्या कारकून. बाहेर जाणारा प्रत्येक कागद वहीत चढवायचा, पाकिटात घालायचा आणि टपालात द्यायचा, हे काम त्या सव्वीस वर्षं खिडकीजवळच्या एकाच खुर्चीत बसून करत होत्या. कागदावरचा जावक क्रमांक हल्ली संगणकच घालायचा. कसा घालतो, हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंना स्वतःचं नावही होतं, पण ते सेवापुस्तकाखेरीज कुठे वापरात नव्हतं.

त्या सकाळी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. पाणी सोडण्याच्या वेळा बदलल्याची दोनशे बारा पत्रं पाचच्या टपालात गेलीच पाहिजेत. नाही जमलं तर हरकत नाही, साहेब फार मायेने म्हणाले. मुख्य कार्यालय जावकचं काम तिकडूनच करायला तयार आहे. हे टेबल काढून टाकू, बाई खाली अभिलेख कक्षात बसतील.

अभिलेख कक्षाला खिडकी नव्हती. पाल होती.

आणि सकाळपासून संगणकाने एकोणीस पत्रं काढली होती. या गतीने उरलेली बहुधा सोमवारी निघाली असती, तीही संगणकाच्या मनात आलं तर.

संगणक एकच आणि वापरणारे पाच. प्रत्येकाचं खातं वेगळं. पण काम झालं की खात्यातून बाहेर कुणी पडत नसे, नुसता खुर्चीतून उठत असे. पुढचा येऊन आपल्या खात्यात शिरायचा आणि आधीच्याचं सगळं मागे तसंच चालू राहायचं. पंखा सुरू ठेवून खोलीबाहेर पडावं तसं. फक्त हे पंखे दिसत नसत. दिसले तर एकट्या मुख्य खात्याला, आणि मुख्य खातं जावकबाईंचं होतं. अकरा वर्षांपूर्वी संगणक आला तेव्हा पोचपावतीवर सही त्यांनी केली होती, आणि बसवायला आलेल्या माणसाने सही करणारीलाच मालकीण समजून टाकलं.

चौकट उघडली आणि बाईंचा हात तोंडावर गेला. सव्वीस वर्षं जे कुजबुजीतून कळायचं ते इथे रकान्यांत मांडलेलं होतं. कोण, काय, कधीपासून.

"मामा, इकडे या," त्यांनी चहा घेऊन आलेल्या शिपाईमामांना थांबवलं. "भाऊसाहेब पत्ते खेळतायत."

"भाऊसाहेब जेवायला गेलेत."

"ते गेलेत. पत्ते चालू आहेत. मंगळवारपासून."

भाऊसाहेब म्हणजे मुख्य कारकून. ते तोंड पुसत आले तेव्हा आधी त्यांनी कानावर हात ठेवले, मग डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं आणि शेवटी आवाज खाली आणला. "बाई, डाव सुटत आलाय हो."

"दोनशे बारा पत्रं आहेत, भाऊसाहेब."

"निदान लाल राजा तरी हलवू द्या."

त्यांना एक चाल देण्यात आली. मग बाईंनी बटण दाबलं. कोपऱ्यातला हिरवा आलेख टेकडीवरून उतरावा तसा थोडा खाली आला आणि बाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

आरेखकाला सगळे पट्टी म्हणत. त्याच्या खात्यात एकाच जलवाहिनीचे अकरा नकाशे उघडे होते. एकाचं नाव 'अंतिम', दुसऱ्याचं 'अंतिम खरा', तिसऱ्याचं 'हाच घ्या'. त्याने एकेक जपून ठेवला आणि मुलगी सासरी धाडावी तशा चेहऱ्याने बंद केला. टायपिस्टताईंच्या खात्यात पोट कमी करण्याचे व्यायाम आवाज बंद करून चालू होते.

"सोमवारपासून सुरू करणार आहे मी," ताई म्हणाल्या.

"ती बाई मागच्या सोमवारपासून उड्या मारतेय, ताई. तिला जरा बसू दे."

आलेख आणखी घसरला. इतका वेळ कण्हणारा संगणक गप्प झाला. एव्हाना चौघंही खुर्चीमागे उभे होते. साहेबांच्या खात्यात 'कार्यालयीन शिस्त : टिपण' ही फाइल आठ महिने उघडी होती आणि तिच्या बाजूला केस गळण्यावरची चौदा पानं. साहेब बैठकीला गेले होते.

"विचारायला नको?" मामांनी विचारलं.

"टिपणात नुसतं शीर्षक आहे, मामा. हरवण्यासारखं काही नाही. आणि केसांचं म्हणाल तर..." बाईंनी वाक्य सोडून दिलं आणि बटण दाबलं. खोलीत कुणीतरी शिट्टी वाजवली. पुढे तो मान भाऊसाहेबांनी घेतला.

राहिलं आणखी एक जुनं खातं. नाव होतं 'अण्णा'. अण्णा म्हणजे याच टेबलावरचे बाईंचे वरिष्ठ. त्यांनीच बाईंना हे काम शिकवलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या नावावर एकच चिमुकला प्रोग्रॅम चालू होता, 'जाव१'. तो जागा जवळजवळ अडवतच नव्हता. पण बाईंचा हात आता सुरात आला होता. त्यांनी तोही बंद केला.

मग छपाईयंत्र असं सुटलं की कागद ठेवायला पट्टीला पळत यावं लागलं. पत्रामागून पत्र. भाऊसाहेबांनी बाह्या सरसावून घड्या घालायला घेतल्या, ज्यांनी आजवर स्वतःच्या रुमालाची घडी घातली नव्हती. एकशे त्र्याण्णवावं पत्र बाहेर पडलं तेव्हा घड्याळात साडेतीन वाजले होते. बाईंच्या डोक्यात तर पुढचा बेतही तयार होता: पाच जणांच्या पाच वेळा, कुणी काय चालू ठेवायचं त्याचा तक्ता, दर शुक्रवारी तपासणी. ऑफिसात नुसती पाकिटं चिकटवतेस असं हिणवणाऱ्या नणंदेला आज सांगायचं होतं, ऐक आता.

"बाई," ताई हळूच म्हणाल्या, "जावक क्रमांकापुढे मोकळं आहे."

एकशे त्र्याण्णव पत्रांवर मोकळं होतं. आणि ज्या पत्राला जावक क्रमांक नाही ते पत्र गेलेलंच नाही. हे कार्यालयातल्या पालीलाही ठाऊक होतं.

बाईंनी अण्णांना फोन लावला आणि जाव१ काय आहे ते विचारलं.

"अजून चालू आहे?" अण्णा म्हणाले.

"होतं. तासाभरापूर्वी मी बंद केलं."

अण्णा इतके खूश झाले की त्यांना खोकला आला. निवृत्तीच्या आधी नंबर लिहून हात दुखायचा, म्हणून एका पुस्तकात बघून एका दुपारी त्यांनी ते बनवलं होतं. शेवटचा नंबर लक्षात ठेवायचं आणि पुढचा पत्रावर घालायचं, एवढंच. बाईंनी विचारलं, मग सांगितलं का नाही?

"अगं, सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग तुम्ही कशाला?"

जाव१ रोज सकाळी साडेदहाला आपणहून उठायचं, आधी नाही की नंतर नाही. आत्ता चालू करायचं तर अण्णांचा पासवर्ड हवा होता, आणि तो एका कुत्र्याच्या नावाचा होता.

"कुठल्या कुत्र्याच्या?"

"तेच तर." मग अण्णांनी विचारलं, "अक्षर आहे ना तुझं अजून?"

बाईंनी खिडकीतलं निळं पेन घेतलं. भाऊसाहेब आकडा पुकारत, ताई पत्र सरकवत, बाई तो पत्रावर आणि वहीत लिहीत आणि पट्टी पाकिटात घाली. चार हजार आठशे वीस. एकवीस. बावीस. दहा मिनिटांत चौघांना ठेका सापडला. भाऊसाहेबांचा आवाज चढत गेला, जसा शर्यतीचं वर्णन करणाऱ्याचा चढतो, आणि बाईंचं पेन एकदाही अडखळलं नाही. चारांवर असलेला काटा पाचाकडे निघाला होता. पाचला सहा मिनिटं कमी असताना शेवटचं पाकीट बंद झालं आणि मामा दोन थैल्या खांद्यावर टाकून, गुडघ्याची तक्रार विसरून, फाटकाकडे धावले. टपालाची गाडी फाटकातच भेटली.

साहेब बैठकीतून आले तेव्हा चौघं दमून हसत बसले होते. त्यांनी वही उघडली. एकशे त्र्याण्णव नंबर, एकसारखे, एका रेषेत.

"हाताने? तासाभरात?"

"सव्वा तास लागला, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी वही हलकेच मिटली. "हे टेबल कुठेही हलणार नाही."

भाऊसाहेबांनी या खेपेला उघड शिट्टी वाजवली.

सोमवारी सकाळी आदेश निघाला. कार्यालयातला प्रत्येक आदेश आधी जावक टेबलावर येतो, तसा तोही आला. जावक विभागाचे काम हाताने अधिक वेगाने होत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सदर विभागास संगणकाची आवश्यकता नाही. जावक कारकून यांचे मुख्य खाते बंद करण्यात यावे. बाईंनी तो एकदा वाचला. निळ्या पेनने त्यावर पाच हजार तेरा घातला, वहीत चढवला, पाकिटात घालून पाकिटावर स्वतःचं नाव लिहिलं, मग ते पाकीट घेऊन पोचपावतीवर सही केली.

अण्णांचं जाव१ रोज साडेदहाला उठतं आणि नंबर घालायला पत्र येतंय का ते बघत बसतं. संगणक आता चौघांचा आहे. तो पूर्वीइतकाच हळू चालतो.