शुध्दलेखनात पहिली

जानकीच्या खोलीत भिंतीवर मिरवण्यासारखी एकच वस्तू होती. देवाचा फोटोसुद्धा तिच्या खाली. पोरगी श्वेता पाचवीत असताना शाळेनं दिलेलं सर्टिफिकीट, काचेच्या फ्रेममध्ये: 'शुध्दलेखन स्पर्धा, प्रथम क्रमांक'. खाली मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिका सामंतबाईंची, हिरव्या शाईतली सही. घाटकोपरच्या हायवेलगतच्या त्या वस्तीत कुणी नवं माणूस आलं की जानकी चहाच्या आधी फ्रेम दाखवायची. दाखवू दे की! चौथी शिकलेल्या, टॉवरमध्ये लोकांच्या चपात्या लाटणाऱ्या बाईनं आणखी काय दाखवायचं?

यंदा सहावीची परीक्षा संपता संपता बातमी फुटली. दुपारच्या पाळीची मुलं हायवेपलीकडच्या शाळेत हलवायची. वस्तीतली सगळी पोरं दुपारच्याच पाळीला. शाळेच्या पालक समितीच्या अध्यक्षानं ठरावावर सही केली की झालं काम. आणि समितीची निवडणूक होती येत्या शनिवारी.

जानकीचा नवरा बाळा, मूळचा मालवणकडचा, गोदामात हमाली करणारा, जेवता जेवता म्हणाला, "सांगून ठेवतंय गो. पोर हायवे वलांडून जावची नाय. शाळा हलली की हिची शाळा बंद. बसांदे घराक."

"पोचवायला मी जाईन ना."

"कधी? तू टॉवरातल्या चपात्या सोडून?"

खरंच होतं. दहा ते तीन ती कामावर. बाळा एकदा बोलला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. म्हणजे आता सगळं शनिवारच्या मतावर आलं.

उमेदवार दोघं. एक निलेश घाग, इस्टेट एजंट, मोठ्या बाई सांगतील तिथं सही ठोकणारा. दुसरा वस्तीतलाच प्रबुद्ध कासारे, कुरियरवाला. त्यानं सरळ सांगितलं होतं, "मी सही करणार नाही. बघू कोण हलवतंय पोरांना." मतदान चिठ्ठीवर होतं. ज्याला मत द्यायचं त्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं.

इथंच बायकांची पंचाईत झाली. निलेश ठीक आहे, कुणीही लिहील. पण प्रबुद्ध? हे असलं जोडाक्षर कुणाच्या हाताला वळणार? "कशाला घाबरता गं?" जानकी नळावर म्हणाली, "माझी श्वेता शुद्धलेखनात पहिली आलीय. ती लिहून देईल, तुम्ही गिरवा."

त्या रात्री श्वेतानं प्रबुद्धच्या नावाचा एक नमुना लिहिला. जानकीनं तो घेऊन फ्रेमशी लावून पाहिला. पोरीनं द च्या पोटात ध काढला होता. फ्रेममधल्या 'शुध्द'मध्ये मात्र आधी अर्धा ध होता आणि त्याच्यापुढे द उभा.

"उलटं लिहिलंस की गं!"

"नाही आई. हेच बरोबर आहे. पुस्तकात असंच असतं."

"आणि हे काय गाढवानं छापलंय? मोठ्या बाईंची सही आहे त्याच्यावर! मोठ्या बाई चुकतील आणि तू शहाणी?"

"अगं पण..."

"तोंड बंद. जसं आहे तसं लिही."

श्वेतानं तसं लिहिलं. प्रबुध्द. अठरा बायकांसाठी अठरा नमुने, आणि आईचा एक. आठवडाभर वस्तीतल्या बायका भांडी घासून झाली की ते गिरवत बसल्या. कुणाला वाटेल गंमत आहे. एवढ्या मन लावून त्यांनी जन्मात काही लिहिलं नव्हतं.

शनिवारी वर्गात छपन्न पालक जमले. मोठ्या बाई उभ्या राहिल्या. "चिठ्ठीवर नाव शुद्ध लिहायचं. अशुद्ध लिहिलेलं मत बाद."

"नावं फळ्यावर लिहा ना बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"का? मराठी शाळेचे पालक आहात ना? एवढंही येऊ नये?"

जानकीला उलट बरंच वाटलं. आमच्या बायका तयार आहेत, येऊ दे काय यायचंय ते! तिनं जीभ दातांत धरून नाव लिहिलं, दोनदा तपासलं आणि चिठ्ठी डब्यात टाकली. श्वेता बाहेर खिडकीपाशी उभी होती. जानकीनं तिला हात केला.

मोजणी मोठ्या बाईंनीच केली. निलेशच्या बावीस चिठ्ठ्या झाल्या, प्रबुद्धच्या चौतीस. बायकांनी टाळ्या पिटल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "थांबा." त्यांनी त्या चौतीस चिठ्ठ्या पुन्हा हातात घेतल्या आणि एकेक करून दोन गठ्ठे केले. "ह्या एकोणीस बाद. नाव अशुद्ध आहे. प्रबुद्ध कासारे पंधरा, निलेश घाग बावीस. घाग निवडून आले."

प्रबुद्ध ताडकन उठला. "मग निलेशची नी दीर्घ नको? नील म्हणजे निळा ना बाई? सगळ्यांनी ऱ्हस्व लिहिलीय!"

"त्यांच्या आईवडलांनी जसं ठेवलं तसं. विशेषनाम आहे ते."

"आणि माझं काय आहे?"

"तुमच्या नावाला अर्थ आहे, कासारे. निदान तुमच्या माणसांना ते लिहिता यावं."

वर्गात काही लोक हसले. हो, हसले. निलेश सर्वात आधी.

जानकीच्या अंगाची लाही लाही झाली. ती धावत घरी गेली, खिळ्यावरची फ्रेम ओढून काढली आणि धापा टाकत परत आली. फ्रेम तिनं टेबलावर ठेवली. "तुमच्याच शाळेचं आहे हे! तुमची सही! बघा कसं लिहिलंय! आम्ही ह्याच्यावरूनच गिरवलं!"

मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवून वाचलं. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, आणि जानकीला वाटलं, जिंकलो.

"छापखान्याची चूक," त्या म्हणाल्या. "पण छापखान्याला मत नसतं. तुम्हाला आहे. गिरवायला लिहून कुणी दिलं होतं?"

अठरा बायका जानकीकडे बघायला लागल्या. कुणाच्या नजरेत राग, कुणाच्या नजरेत रडू. आठवडाभर राबल्या होत्या बिचाऱ्या. त्यांच्याही पोरांची शाळा गेली होती. एकीनं तर दात-ओठ खात विचारलं, "बोल ना गं आता!"

जानकीची पाचावर धारण बसली. खरं तोंडाशी आलं होतं, की पोरीनं बरोबर लिहिलं होतं, मीच मोडलं. पण अठरा जणींसमोर ते बोलायची छाती झाली नाही.

"पोरीनं," ती म्हणाली. "श्वेतानं दिलं लिहून. मला काय कळतंय बाई, मी चौथी शिकलेली."

खिडकीत श्वेता उभीच होती. तिनं आईकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"म्हणजे बक्षीस चुकीच्या मुलीला गेलं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी फ्रेमच्या मागचे खिळे पट्टीनं उचकटले, कागद काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि रिकामी फ्रेम जानकीच्या हातात दिली. "तिला म्हणावं, प्रबुद्ध शंभर वेळा शुद्ध लिहून आण. मग सर्टिफिकीट परत मिळेल."

"आणि शाळा, बाई?"

"शाळा पलीकडे. निकाल लागला ना आता."

घरी बाळानं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाला, "बरा झाला. सोमवारपासना हीका चपात्ये शिकव."

 श्वेता वही घेऊन कोपऱ्यात बसली आणि लिहायला लागली. जानकी पीठ मळता मळता चोरून बघत होती. पोरगी आईला एक शब्द विचारत नव्हती, पुस्तक उघडत नव्हती. द च्या पोटात ध, ओळीमागून ओळ, न बघता, न खोडता, शंभर वेळा लिहीत होती.