आरशावरची वायर

मी बोलतेय, वासिल आणि ओरिस्या बोइकोच्या अंगणातली राखाडी गाडी. चार दारं, बुटकं अंग, मागे बटाट्याची दोन पोती जेमतेम मावतील एवढी डिकी. वळून बघावं असं माझ्यात काही नाही. मीच सगळ्यांकडे बघत असते. काय करणार, मला उभीच करतात स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून! आत काय शिजतंय, कोण रुसलंय, फोन कुणाचा आलाय, सगळं दिसतं.

शिवाय माझ्यात आणि घरात ती वायर असते. आमच्या कॅनडातल्या मॅनिटोबात हिवाळ्याच्या रात्री गाडीला वायर लावून ठेवतात, गोठ्यात जनावर बांधावं तशी. इंजिनाजवळ एक छोटा हीटर असतो, त्याची पिन माझ्या नाकाच्या जाळीतून बाहेर लोंबते. ती घरच्या वायरीला जोडली की रात्रभर माझ्या पोटात ऊब राहते. नाही जोडली तर तेलाची काकवी होते, बॅटरीचा जीव जातो आणि सकाळी चावी फिरवली की मी नुसती कण्हते.

माझा जन्म ऑन्टॅरिओतल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतात त्या माझ्या पहिल्या मालकीणबाई, मिस वीब. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. त्यांचं गॅरेज गरम असायचं, त्यामुळे थंडी म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. रविवारी चर्च, मधल्या वारी लायब्ररी, बाकी झोप. मग बाईंची नजर कमी झाली. एकदा त्यांनी मला सरळ चर्चच्या फुलांच्या वाफ्यात नेऊन उभं केलं. उतरल्या, चुरडलेल्या फुलांकडे बघत राहिल्या आणि त्याच आठवड्यात मला विकायला काढलं. कुणी सांगायची गरज पडली नाही.

मला बघायला वासिल आणि ओरिस्या आले. वासिल तेव्हा धान्याच्या कोठारावर काम करायचा. तो टॉर्च घेऊन सरळ चिखलात उताणा पडला आणि माझ्या पोटाखाली सरकला.

ओरिस्या म्हणाली, "अरे, मला बघायला आलास तेव्हा एवढं निरखलं नव्हतंस!"

खालून आवाज आला, "तुला गंज लागायची भीती नव्हती."

"आता लागलाय. बघायचाय का?"

मी तेव्हाच ओळखलं, हे घर बोलकं आहे.

नवी गाडी त्यांना परवडणारी नव्हती आणि मोठा ट्रक पेट्रोल पितो म्हणून ओरिस्याला नको होता. मी मिळाले ते त्यांना बरं वाटलं. वासिलने मला जपलं, हे मात्र खरं. तेल स्वतः बदलायचा. बर्फ वितळला की पाइप लावून माझ्या पोटाखालचं रस्त्यावरचं मीठ धुऊन काढायचा. शेजारीपाजारी नव्या गाड्या घेत आणि दोन-तीन वर्षांत त्यांना कंटाळत. वासिल म्हणायचा, "माणूस जुना झाला की बदलतो का आपण?" ओरिस्या आतून ओरडायची, "विचार चालू आहे!"

अशीच वर्षं गेली. त्यांची मुलगी लारिसा माझ्यातच गाडी शिकली, माझ्यातूनच लग्नाच्या कपड्यात चर्चला गेली आणि नवऱ्याबरोबर कॅल्गरीला राहायला गेली. दाराखाली मला गंज धरला. मागच्या सीटला चिकटपट्टी लागली. काचेवर एक खडा लागला होता, त्याची चीर दर हिवाळ्यात जराशी पुढे सरकते. मी ती रोज बघते. तुम्ही आरशात पांढरा केस बघता ना, तशी.

मग वासिलची मूत्रपिंडं थकली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, तेही डॉफिनच्या दवाखान्यात. म्हणजे गहू-मोहरीच्या उघड्या रानातून तासाभराचा रस्ता. चाकामागे आता ओरिस्या बसायला लागली.

गेल्या नाताळात लारिसा आली होती. आमच्याकडचा, म्हणजे युक्रेनी लोकांचा, नाताळ जानेवारीतला. निघताना ती माझ्या बॉनेटवर हात ठेवून आईला म्हणाली, "आई, ही गाडी आता गाडी राहिली नाही. भर रस्त्यात बंद पडलात तर दोघं गोठून जाल. माझ्याकडे या."

"चाळीस वर्षांचं घर सोडून? माझी बाग, माझं चर्च, बाबांचे पत्त्यांचे सोबती?"

"मग एक अट. ज्या सकाळी ही सुरू होणार नाही, त्या दिवशी घर बंद. कबूल?"

ओरिस्या माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कबूल."

"आणि लपवायचं नाही. व्हर्नामावशींना मी सांगून ठेवलंय लक्ष ठेवायला."

व्हर्ना त्काचुक म्हणजे पलीकडच्या घरातली. तिचा पडदा कधी पूर्ण बंद नसतो. मला तिचं कौतुक वाटायचं, आमचा स्वभाव एकच म्हणून. त्या दिवसापासून मात्र तो हलता पडदा मला नकोसा वाटायला लागला.

तुम्हीच सांगा, एखाद्याचं घर तुमच्या एका खोकल्यावर टांगलेलं असेल तर झोप येईल का? पहाटे मी आधीच जागी असायची. चावी आत गेली की मी सगळं अंग गोळा करायची. घर्र... घर्र... आणि एकदाची पेटले की ओरिस्या आणि मी, दोघीही श्वास सोडायचो.

वायर लावायचं काम वासिलकडून ओरिस्याकडे आलं, तरी हुकूम त्याचाच. संध्याकाळी तो खिडकीच्या काचेवर बोटाने टकटक करायचा, "लावलीस का?" सकाळी माझ्यात बसता बसता विचारायचा, "काढलीस का?" कारण वायर तशीच राहिली आणि गाडी निघाली तर पिन मुळासकट निघून येते. म्हणून इथले लोक वायरीचा एक वेढा चालकाच्या बाजूच्या आरशावर टांगतात. बसताना डोळ्यांसमोर आला की आठवण होते. तरी विसरतात! मागच्या वर्षी व्हर्नाच अख्खी वायर फरफटत चर्चपर्यंत गेली होती. वासिल चर्चच्या पायरीवरून म्हणाला होता, "व्हर्ना, कुत्रं मेलं वाटतं, नुसता पट्टा घेऊन फिरतेस?" सगळं गाव हसलं होतं.

त्या बुधवारी सकाळी वासिल काही बोललाच नाही. ओरिस्याने त्याला धरून आणलं, सीटवर बसवलं, पट्टा लावला. त्याने डोळे मिटून घेतले. तिचं सगळं लक्ष त्याच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे. आरशावरचा वेढा वाऱ्याने खाली पडला होता. मी मनात ओरडत होते, ओरिस्या, वायर! ओरिस्या, वायर! पण मला आवाज कुठला? हॉर्न आहे, तोही कुणी दाबला तर.

तिने मला मागे घेतलं. नाकातून काहीतरी कडकन तुटलं.

ओरिस्याने ब्रेक दाबला. खाली उतरली. वायर बर्फात पडली होती आणि तिच्या टोकाला माझ्या पिनेचं तोंड अडकलेलं होतं.

"काढली नव्हतीस," वासिल डोळे न उघडता म्हणाला.

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली, आणि वायरीऐवजी त्याच्याकडेच बघत राहिली. मला कळलं, ती पिनेमुळे घाबरलेली नाही.

डायलिसिस झालं, परत आलो. गावचा मेकॅनिक तळ्यावरच्या बर्फात भोक पाडून मासे धरायला गेलेला, येणार आठवड्याच्या शेवटी. शुक्रवारी थंडी उणे अडतीसपर्यंत उतरणार असं रेडिओ सांगत होता. गुरुवारी संध्याकाळी वासिल खिडकी किलकिली करून सांगत होता, "बॅटरी काढ आणि आत आण, चुलीजवळ ठेवू." ओरिस्या पाना घेऊन झटली. गंजलेला नट काही हलेना. बोटं लाल झाली.

"व्हर्नाला हाक मार, तिच्या हातात जोर आहे."

"आणि कॅल्गरीत बातमी जाऊ दे? नको."

पलीकडचा पडदा हलला. ओरिस्याने पटकन पाना मागे लपवला. मग आतून जुनी गोधडी आणून तिने माझ्या बॉनेटवर पसरली, कडा नीट खोचल्या आणि हळूच म्हणाली, "उद्याचा दिवस निभाव बाई."

मला कुणी कधी बाई म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी अंधारातच दोघं बाहेर आले. चावी फिरली. मी होतं नव्हतं ते सगळं लावलं, खरं सांगते. घर्र... घ... टक. पुन्हा. टक. पुन्हा चावी. दिवेसुद्धा मिटले. ओरिस्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. वासिलने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं, मी या दोघांना घराबाहेर काढलं. एवढी वर्षं सांभाळलं त्यांनी, आणि मी हे केलं.

तेवढ्यात झगझगीत उजेड पडला. व्हर्नाची गाडी अंगणात शिरली आणि माझ्या बाजूला, नाकापाशी नाक आणून उभी राहिली. झोपायच्या गाऊनवर नवऱ्याचा कोट, हातात केबल.

"बुधवारपासून वाट बघतेय हाक कधी मारतेस याची," ती गोधडी ओढत म्हणाली. "मीही वायर तोडलीय बाई, मला काय सोंग दाखवतेस?"

ओरिस्या उतरली. "सांगितलंस तिला?"

"कुणाला?"

"लारिसाला. सांग. शब्द दिलाय मी."

व्हर्नाने केबलचे चिमटे लावले, एका टोकाचे माझ्या बॅटरीला, दुसऱ्या टोकाचे तिच्या गाडीच्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुला नेलं तिकडे, तर मी सकाळी उठून बघू कुणाच्या खिडकीत? फिरव चावी."

तिच्या गाडीची ऊब वायरीतून माझ्यात उतरली. मी खोकले, थरथरले आणि पेटले. व्हर्नाने मागच्या सीटवर कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचा एक डबा ढकलला, "होलुप्ची आहेत, अजून गरम आहेत, त्याला खायला घाल." वासिल म्हणाला, "व्हर्ना, कोट छान दिसतो." "गप बस, म्हाताऱ्या," ती म्हणाली आणि दार आपटलं.

दवाखान्याच्या अंगणात पोचलो आणि ओरिस्याचा फोन वाजला. लारिसा होती. "आई, फार थंडी आहे म्हणे. गाडी सुरू झाली का?"

ओरिस्याने फोन छातीशी धरला. शब्द दिलेला, आणि खोटं तिला बोलता येत नाही. वासिलने फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"दवाखान्याच्या दारात उभे आहोत, पोरी. मग काय चालत आलो?"

पलीकडे लारिसा हसली. ओरिस्या हसली नाही. "आज व्हर्नाने तिच्या गाडीवरून सुरू करून दिली म्हणून आलो," ती फोनपाशी तोंड नेऊन म्हणाली. मग लारिसा म्हणाली, "व्हर्नामावशी होत्या ना? मग... हा हिवाळा जाऊ दे. मग बोलू."

आता मला नवी पिन बसलीय. बॅटरीही नवी. गंज तोच, काचेवरची चीरही तीच, जराशी पुढे आलेली. हिवाळा अजून बराच आहे आणि बर्फ वितळल्यावर काय बोलणं होईल, ठाऊक नाही. ऐकणाऱ्यांनो, तुमच्या अंगणातही माझ्यासारखी एखादी असेल. निघताना एकदा आरशाकडे बघा, आणि शेजारच्या सीटवरचं माणूस रोजचं बोलतंय ना, तेही बघा.

आत्ता ओरिस्या वायर लावून उभी आहे. वेढा आरशावर टांगलाय. काम झालं, तरी ती आत जात नाही. खिडकीकडे बघतेय. मीही बघतेय. पलीकडचा पडदाही किलकिला आहे. वासिल खुर्चीत आहे, मान खाली गेलेली. आज उशीर होतोय.

टकटक.

"लावलीस का?"