तिसरा हात आणि पावाचा गर

उपाशी साधूच्या चित्राला पॅरिसच्या प्रदर्शनात पदक मिळालं आणि ज्याच्याकडे बघून ते काढलं तो ओनेझिम पोटापाण्याला मुकला. पण ते अजून घडायचंय, असं धरून चालू. आत्ता ओनेझिम चित्रकार गार्निशेसाहेबांच्या चित्रशाळेत चौथऱ्यावर नागडा उभा आहे. उजवा हात आकाशाकडे, डोळे पावाकडे.

पाव खायचा नव्हता. पेन्सिलीची चुकलेली रेघ पुसायला ताज्या पावाचा गर लागतो. चिमटीत मळायचा, कागदावर फिरवायचा, काळा झाला की फेकायचा. साहेब फार चुकत.

"साहेब, तो काळा तुकडा तरी..."

"खबरदार! फासळ्यांसाठी ठेवलाय तुला. एक जरी बुजली तरी दाराशी तुझ्याहून उपाशी लोक उभे आहेत."

"पण माझ्यासारख्या सुबक फासळ्या कुठल्या त्यांना?"

"म्हणून तर जप!"

दुपारी साहेब बदक खायला खाली गेले. ओनेझिमने पाव संपवला. काळे तुकडेसुद्धा.

साहेब ढेकर देत आले आणि कागद बघून थबकले. उजवा हात साफ चुकला होता. चित्रं स्वीकारायचा शेवटचा दिवस, न्यायला आलेली हातगाडी दारात, आणि पावाच्या ताटलीत नुसती धूळ.

"मेल्या, माझा पाव गिळलास?"

"आत सुखरूप आहे, साहेब."

गाडीवाला खालून शिव्या घालत होता. साहेबांनी चुकलेल्या हाताशेजारी बरोबर हात काढला आणि कागद धाडून दिला.

परीक्षक चित्रासमोर रडले. "भुकेला तीन हात! केवढं हे सत्य!"

पाव खाल्ल्याबद्दल हाकललेला ओनेझिम त्यानंतर जाईल त्या चित्रशाळेत एकच प्रश्न.

"तिसरा कुठाय?"

"जन्मापासून दोनच आहेत, साहेब."

"मग हो चालता!"

तो गार्निशेसाहेबांकडे परतला. चौथऱ्यावर खांद्याला लाकडी हात बांधलेला एक लठ्ठ गृहस्थ उभा होता.

"फासळ्या मी मनाने काढतो रे," साहेब म्हणाले. "हात मात्र समोर लागतो."

तीन दिवसांच्या उपासानंतर ओनेझिमने कला अकादमीकडे अर्ज केला: "सविनय विनंती की, सदर चित्रातील जादा हात तात्काळ खोडण्यात यावा, ते शक्य नसल्यास तो अर्जदारास बसवून मिळावा. खोडण्याचे ठरल्यास लागणारा पाव अकादमीने पुरवावा, आणि उरलेला, काळा झालेला धरून, अर्जदाराच्या ताब्यात देण्यात यावा."